पंखा ऐकणाऱ्या आक्का

फिशटँकसाठी पंखा घेताना मी त्याचा आवाज ऐकला नाही. म्हणजे कान दिला होता. पण पेठेतला कुठलातरी संघ त्या दिवशी फुटबॉलची मॅच जिंकला होता आणि दुकानासमोरून त्याची मिरवणूक चालली होती. हलगी, शिट्ट्या, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली. दुकानदारानं पंखा चालू करून माझ्या कानाशी धरला. "आवाज हाय का पावणं?" मी ठामपणे म्हणालो, "अजिबात नाही." त्या गदारोळात पिठाची गिरणीसुद्धा शांत वाटली असती. घरी येऊन तो वाटीएवढा पंखा टँकच्या झाकणात बसवला, बटण दाबलं आणि गिरणीच सुरू झाली.

भिंतीपलीकडे मगदूम आक्का राहायच्या. माझ्या घरमालकीण. अंगानं काटक आणि आवाज असा, की गच्चीवर हळूच काही बोलल्या तरी कोपऱ्यावरचा दूधवाला उत्तर द्यायचा. पण सकाळ-संध्याकाळ सामायिकाला, म्हणजे त्यांच्या जैन ध्यानाला बसल्या, की डोळे मिटून एकदम निश्चल. तेवढ्या वेळात शेजारी भांडं आपटलेलंही त्यांना खपत नसे. खोली देताना त्यांनी एकच विचारलं होतं, "मासं खातोस?" नाही म्हणालो. काही महिन्यांनी फिशटँक घेऊन जिना चढलो तर वाटेतच अडवलं.

"खात न्हाय म्हणालतास की रं!"

"आक्का, हे बघायला आहेत."

"जीव कोंडून बघत बसायचं? कसली रं ही हौस!"

बोलल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून ते गोल्डफिश त्यांच्या लेखी घरातलीच माणसं झाले. "मासं जेवलं का?" असं त्या मला जिन्यात विचारायच्या. मी जेवलो का, हे कधी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये माझी पत्र्याखालची खोली तापली, झाकणातल्या दिव्यानं त्यात भर घातली आणि मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून धापा टाकू लागले. म्हणून तो पंखा. गिरणी सुरू होताच आक्का दारात. मी घाईनं बटण बंद केलं. त्यांनी आधी माशांकडे पाहिलं.

"बंद केलास तर ही मरत्यात."

"मग चालू करू?"

"चालू केलास तर माझं सामायिक मोडतंय. नीट ऐक. माझ्या घरात जीव मेला, तर खोली खाली करायची. आणि सामायिकात ही गिरणी वाजली, तरी खोली खाली करायची."

कागलच्या कारखान्याची बस खालच्याच चौकात थांबायची. तशी खोली मला दुसरीकडे मिळणार नव्हती. कारखान्यात माझं काम मालाची क्वालिटी तपासण्याचं, हे आक्कांना माहीत होतं. नशीब, त्या क्षणी त्यांना ते आठवलं नाही.

दुसरा पंखा मिळेपर्यंत दिवा बंद आणि झाकण उघडं, अशी आज्ञा झाली. दुसऱ्या दिवशी त्याच मला घेऊन दुकानात गेल्या. "वरचा पंखा बंद करा. रेडिओ बंद करा. आणि तुमीबी गप बसा." दुकानदार गप बसला. आक्कांनी स्टुलावर मांडी घातली, डोळे मिटले. मग एकेक पंखा त्यांच्यासमोर फिरू लागला.

"ह्याला दमा हाय."

"ह्यो दातच खातोय."

रंगीत दिव्यांचा एक लागला, तेव्हा डोळा किलकिला करून म्हणाल्या, "माशांची वरात काढायची हाय व्हय?" एक पंखा खरोखर मुका होता. किंमत ऐकली आणि दोन्ही डोळे उघडले. "एवढ्यात मासं पन्हाळ्यावर हवा खाऊन येतील की!"

शेवटी दुकानदारानं कॉम्प्युटरचे दोन साधे, काळे, रुंद पात्यांचे पंखे काढले. वेग कमी-जास्त करणारा अडॅप्टर लावून ते सावकाश फिरवले. आक्कांनी मान पुढे करून कान दिला. मग म्हणाल्या, "हे बरं हाय. ताटाएवढ्यानं नुसती मान हलवली तरी वारा येतोय. वाटीएवढ्यानं पळून पळून किती पळायचं?" स्वस्तही तेच होते.

पुढे सगळा उन्हाळा त्या वाऱ्यानं टँकमधलं पाणी भराभर उडायचं, आणि आक्का रोज सकाळी क्लोरीन जावं म्हणून आदल्या दिवसापासून भरून ठेवलेलं पाणी फडक्यानं गाळून आणून ओतायच्या. मासे गाळीव पाण्यात पोहत, मी नळाचं पीत असे. आता मी दुसरीकडे राहतो, पण पंखे तेच आहेत.

पंखे आणले त्या संध्याकाळी मात्र माझा जीव टांगणीला होता. स्क्रूखाली रबर घालून पंखे पाण्याकडे तिरके बसवले. मासे खाली जाऊन निवांत फिरायला लागले होते. सामायिकाची वेळ झाली. मी बटणावर बोट ठेवून बसलो. भिंतीपलीकडून काहीच आलं नाही. आणि मग एकदम दार धाडकन उघडलं.

"बंद केलास? माझ्या भ्यानं बंद केलास व्हय रं? मासं मारतोस?"

"आक्का, चालू आहे!"

त्यांचा विश्वास बसेना. झाकणापाशी तळहात धरला, मग कान लावला. चेहरा सैल झाला. "चालू हाय की गं बाई!"

सुटलो, या आनंदात मी बोलतच सुटलो. रबर कुठून आणलं, पंखा किती तिरका हवा, वारा पाण्याला कसा लागतो. आक्कांनी ऐकून घेतलं, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"पंखा बिनआवाजाचा घावला. आता भाडेकरू तसला कुठं घावतोय का बघाय पायजे."