बहारीनमध्ये स्की विकताना

बहारीनच्या राजधानीत, मनामात, खिडक्या कितीही घट्ट लावा, वाळू आत येतेच. आमच्या दुकानात किस्से असेच यायचे. कोण कधी घेऊन आलं कळायचं नाही, झटकायला गेलं की ढीग!

मी पुण्याची, बी.कॉम. झालेली. नव्वदच्या दशकात गुदैबिया भागात आत्याकडे राहायचे आणि मनामातल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानात काउंटरवर बसायचे. मुलाखतीत मला क्रिकेट, टेनिस वगैरे सांगितलं होतं. पहिल्या दिवशी गोडाऊनमध्ये पाहते तर लांबच लांब खोके. त्यात स्की! बर्फावर घसरायच्या! बाहेर ऑगस्टचं ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी.

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. हे दुकान म्हणजे नुसतं नाव असणार, खरा धंदा वेगळाच. संध्याकाळी आत्याला सांगितलं. ती बिचारी घाबरून म्हणाली, "तू कशावर सही नाही ना केलीस?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजर सबनीसांना आडून आडून विचारलं, "सर, हे घेतं कोण?"

"बँकांतले साहेब लोक. सुट्टीत लेबनॉनला जातात, तिथे बर्फ आहे."

"आणि लेबनॉनमध्ये दुकानं नाहीत?"

सबनीसांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही सीआयडीत का नाही गेलात?"

*

काही गिऱ्हाइकांना तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगरावर जायचं नसायचं. त्यांना डोंगर स्वतः चढून मग घसरत यायचं असायचं. त्यांची बाइंडिंग, म्हणजे बुटाला स्कीशी जोडणारी कळ, वेगळी असते. चढताना टाच सुटी राहते, उतरताना ती खाली अडकवायची.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका गोऱ्याने बूट अडकवून पाऊल उचललं आणि टाच कटकन वर आली. मी किंचाळले, "तुटलं!"

तो गोरा दचकून मोज्यांच्या रॅकवर पडला. सबनीस धावत आले. मी त्यांच्या कानात म्हटलं, "सर, माल सेकंडचा आलाय. सगळ्यांच्या टाचा निघतायत. बाकीच्या मी सकाळीच तपासल्या."

"मग?"

"मग काय, ही एकच राहिली. बाकीच्या सगळ्या हसनचाचांना सांगून दोरीने बांधून टाकल्या!"

*

हसनचाचा आमचे स्टोअरकीपर, श्रीवर्धनचे. चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तिच्या पोटाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. तिला 'स्किन' म्हणतात. खोका उघडताच चाचा दोन पावलं मागे सरले.

"गो बाय, कातडं कसलं आहे हे? आधी सांग. डुकराचं असेल तर मी हात लावणार नाय."

माझ्या मनात वेगळाच संशय. मी म्हटलं, "गाईचं असेल तर मीही नाही."

आम्ही दोघं हात मागे बांधून उभे. शेवटी सबनीसांनी वैतागून कंपनीला फॅक्स केला. उत्तर आलं, कातडं नाहीच, बकरीच्या केसांचं कापड आहे. पुन्हा वाद नको म्हणून त्यांनी चाचांकडून खोक्यावर मोठ्या अक्षरांत अरबी भाषेत 'बकरी' लिहून घेतलं.

संध्याकाळी आमचे बहारीनी मालक आले. खोका वाचला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "मग फ्रिजमध्ये का नाही ठेवली?"

*

बाइंडिंगला एक नंबर असतो. गिऱ्हाइकाचं वजन, वय आणि त्याला स्की किती येते ते पाहून तो लावायचा. नंबर कमी लावला तर स्की उगाच सुटते. जास्त लावला तर पडल्यावरही सुटत नाही आणि पाय पिळवटतो. म्हणजे मोडतोच!

हे कळल्यापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे संशयाने बघायचे. कारण वजन कोण खरं सांगतं? बायका कमी सांगत, पुरुष पोट आत घेऊन सांगत.

तोडगा चाचांनी काढला. मागे पार्सलचा काटा होता. गिऱ्हाइकाला स्की हातात देऊन त्यावर उभं करायचं आणि स्कीचं वजन वजा करायचं. एका मॅडमनी विचारलं, "हे कशासाठी?"

सबनीस गंभीरपणे म्हणाले, "स्कीचा बॅलन्स बघतो."

मॅडमनी काट्याकडे पाहिलं आणि स्की परत केल्या. "बाई गं, किती जड आहेत! हलक्या दाखवा."

*

आणि मग आले देवधर. एका बँकेत होते, राहायचे आमच्याच गल्लीत. सोबत त्यांचे इंग्रज साहेब. ईदच्या सुट्टीत दोघंच लेबनॉनचा डोंगर चढणार होते.

सबनीस नेहमी सांगायचे, वर्षातून एकदा जाणाऱ्याला चुका पोटात घालणारी स्की द्यावी. जरा आखूड, मऊ. लांब, ताठ स्की रोज जाणाऱ्याची.

साहेब म्हणाले, "देवधर, तू हिमालयात शिकलास. तूच निवड."

देवधरांनी सगळ्यांत लांब, सगळ्यांत लाल स्की उचलली. "स्की किती येते?" सबनीसांनी विचारलं.

"एक्सपर्ट!"

साहेब लगेच म्हणाले, "माझंही तेच लिहा."

मी देवधरांच्या पायांकडे पाहत होते. डावा बूट उजव्या पायात होता. मी हळूच दाखवलं तर म्हणाले, "आम्हाला टाइटच लागतात."

*

दुसऱ्या दिवशी देवधरवहिनी आल्या. आधी दारातून वाकून पाहिलं, मग आत.

"तो नंबर की काय म्हणतात तो कमी करा हो. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय म्हणून हे बोलून बसलेत. साहेबांच्या हातात आहे सगळं. नाही म्हटलं तर नोकरी जाईल, गेले तर पाय!"

"पण वहिनी, हिमालयात शिकले ना?"

"पाहिलाय हिमालय. बसमधून!"

सबनीसांनी देवधरांना एकट्यांना बोलावलं. मी काउंटरखाली बोटं मोडत बसले. आता हा माणूस भडकणार!

सबनीस म्हणाले, "सर, हल्ली खरे एक्सपर्ट नंबर कमीच ठेवतात. स्कीही आखूड घेतात."

देवधरांचा चेहरा असा खुलला! "मी तेच म्हणणार होतो. आमच्या हिमालयात तसंच असतं."

मग सबनीसांनी साहेबांना फोन केला, देवधरांनी नंबर उतरवलाय म्हणून. साहेब म्हणाले, "माझाही उतरवा. आणि स्की त्याच्यासारखीच द्या." मला वाटलं, एवढा मोठा माणूस, किती मनमिळाऊ!

*

ईदची सुट्टी मी नखं खाण्यात घालवली. फोन वाजला की वाटायचं, मोडला!

दुकान उघडलं त्या दिवशी देवधर आले. दोन्ही पायांवर. मी आधी पायच पाहिले.

"काय सांगू तुम्हाला! साहेब म्हणजे वाघ. सकाळी जे पुढे गेले ते दिवसभर दिसलेच नाहीत. संध्याकाळी एकदम हॉटेलात भेट!"

"आणि तुम्ही?"

"मी आपला मागून. सावकाश."

दुपारी साहेब आले, नाक भाजून लाल झालेलं. काउंटरवर हात टेकून म्हणाले, "तुमचा देवधर कमाल आहे! सकाळी असा सुसाट पुढे गेला की संध्याकाळपर्यंत मला त्याची टोपीसुद्धा दिसली नाही. मी आज पहिलं काम केलं ते त्याच्या कॉन्ट्रॅक्टवर सही. पुढच्या वर्षी बँकेतल्या सगळ्यांना तोच शिकवणार!"