कोपरापर्यंत हात

नेरच्या बसस्टँडमागे निजामुद्दीनचं मोटारी भरायचं दुकान होतं. मोटार भरणं म्हणजे जळालेल्या पंपातली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची. असे मिस्त्री गावात अजूनही होते. पण भारनियमनात दुपारी वीज गेली की बाकीचे बनियनवर आडवे व्हायचे, आणि हा पठ्ठ्या राक्षस काढून बसायचा.

हसू नका, सांगतो. शेजारच्या खोलीत एक इंजिनिअरिंगचा पोरगा भाड्यानं राहायचा. जाताना तो इंग्रजी झेरॉक्सचा एक गठ्ठा टाकून गेला. त्यात एका खेळाचे नियम होते. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. कुणी तलवारवाला, कुणी जादूगारीण. आपण काय करतो ते ज्यानं त्यानं बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. निजामुद्दीन दहावी पास. त्यानं डिक्शनरी आणली आणि दोन पावसाळे त्या गठ्ठ्याशी झटला. वीस बाजूंचा फासा नेरमध्ये कुठला मिळायला! त्यानं पंपाच्या वीस वायसरांवर, त्या चपट्या लोखंडी चकत्यांवर, एक ते वीस आकडे ठोकले आणि जुन्या सदऱ्याच्या बाहीची पिशवी करून तिच्यात भरले. यात कमाई काय, असं विचारणाऱ्यांनी इथूनच उठलं तरी माझी हरकत नाही.

खेळायला तिघं. अंगणवाडीच्या विमलताई जादूगारीण, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर खेमसिंग तिरंदाज, आणि भीमराज तलवारवाला. भीमराज कापसाच्या बाजारात कामाला होता. गाडीवर वरवर पांढराशुभ्र, कोरडा कापूस असतो, पोटात ओला दडवलेला असतो. भीमराज कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि आतली मूठ बाहेर काढायचा. बोली लावायच्या आधी व्यापारी ओरडायचे, "भीमराज, हात घाल!"

खेळात घोळ झाला तो नजरबंदीचा. म्हणजे जादूनं नसलेली वस्तू दाखवायची, भिंत, आग, वाघ, काहीही. ती तोडायची कशी, हे ज्या पानावर लिहिलं होतं नेमक्या त्याच पानावर झेरॉक्सचा काळा पट्टा. मग निजामुद्दीननं स्वतःच्या अकलेनं नियम केला: जो "नाही मानत" म्हणेल त्यानं वायसर काढायचा, दहाच्या वर आला की नजरबंदी तुटली. झालं! भीमराज उठता-बसता नाही मानत. दार दिसलं, नाही मानत. नदी लागली, नाही मानत. एकदा विमलताईंनीच राक्षसाला अडवायला भिंत उभी केली, ती यानं तोडून टाकली.

"माय वं! भीमराजभाऊ, थे भिंत आपलीच होती नं!" ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

त्याला तरी काय बोलायचं? दोन वर्षांपूर्वी त्याच्या संघदीपला नोकरीचं पत्र आलं होतं, गोल शिक्का मारलेलं. आळीत पेढे वाटले. पोरगा नागपूरला तीन दिवस ऑफिसच्या फाटकाशी उभा राहिला, तेव्हा कळलं की पत्रच बनावट. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, भीमराज तर पाणीसुद्धा फुंकायला लागला. आणि वर्षंही तसलीच होती. छान छान पाकिटांत बोगस बियाणं निघत होतं, दर हप्त्याला पुढाऱ्यांच्या गाड्यांचा ताफा येऊन मदत आली म्हणून सांगून जात होता. कापसाच्या मुलखात खरं काय, खोटं काय, कुणी सांगावं!

निजामुद्दीननं आठ दिवस डोकं खाजवून नियम बदलला. नुसतं तोंडानं "नाही मानत" चालणार नाही. कोपरापर्यंत हात घालायचा. खोटं असेल तर हात आरपार जाईल, खरं असेल तर पोळेल, आणि ते पोळणं ज्याचं त्यानं सोसायचं. एक नियम त्यानं स्वतःलाही घालून घेतला: गोष्टवाल्यानं दिसतं तेवढंच सांगायचं. खरं की खोटं, हे त्याच्या तोंडून यायचं नाही.

पुढच्याच डावात आगीचं दार आलं.

"नाही मानत," भीमराज म्हणाला.

"घाल मंग हात."

भीमराजनं घातला नाही. खेमसिंगनं घातला. दार खोटंच निघालं, खेमसिंग आणि ताई पार झाले आणि भीमराजचा तलवारवाला अलीकडं एकटा उरला. भीमराजनं टोपी उचलली आणि चालता झाला.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी भीमराजची पायल दुकानात आली. बारावी झालेली, हुशार पोरगी. हातात पत्र. यवतमाळला नर्सिंगच्या शिक्षणासाठी दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं होतं, राहायला होस्टेल होतं. गुरुवारपर्यंत बापाला घेऊन हजर व्हायचं, त्याची सही द्यायची, नाहीतर जागा पुढच्या पोरीला.

"बाबा म्हणते, मी नाही मानत. शिक्का पाह्यला नं फेकूनच देल्लं," ती म्हणाली. "चाचा, तुम्ही सांगा नं, पत्र खरं हाय म्हणून. तुमचं आयकते थे."

निजामुद्दीननं पत्र उजेडात धरलं, उलटंपालटं केलं. संघदीपचं पत्रही त्यानं असंच धरलं होतं, याच स्टुलावर बसून. "असली हाय, बिनधास्त जा," असं तोच म्हणाला होता. ही गोष्ट त्यानं कुणाजवळ काढली नव्हती आणि भीमराजनंही कधी बोलून दाखवली नव्हती. त्या न बोलण्याचीच त्याला जास्त लाज वाटायची.

"मी नाही सांगू शकत, बेटा."

पायल रडली नाही. पत्राची घडी घालून गेली. गुरुवारला तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकान बंद ठेवून तो बाजारात गेला. पहिलाच कापूस यायला लागला होता. भीमराजचा हात एका गाडीच्या पोटात होता.

"पत्राचं बोलाले आला असशीन तं वापस जाय," भीमराज म्हणाला.

"पत्र खरं का खोटं, मले मालूम नाही. मागं असली म्हणून बसलो, नं तुया पोराले तीन दिवस फाटकाशी उभं केलं. थे माझं पाप हाय, भीमराज." निजामुद्दीन म्हणाला. "आता मी काहीच सांगत नाही. फक्त इचारतो. कापूस तू तोंडानं तपासतं का रे?"

"म्हंजे?"

"गाडीसमोर उभा राहून नाही मानत म्हणतं, का हात घालतं?"

पलीकडून व्यापारी ओरडला, "भीमराज, झालं का?" त्यानं हात बाहेर काढला. कोपरापर्यंत कापसाचे तंतू चिकटले होते. ते तो बराच वेळ झाडत राहिला.

बुधवारी पहिल्या एसटीनं बापलेक यवतमाळला गेले.

तिथं त्यानं काय काय केलं ते पायलनं मागून सांगितलं, लाजत आणि हसत. चौकीदाराला विचारलं, त्याच्यावर विश्वास नाही. दुसऱ्या पोरीच्या बापाला विचारलं, त्याच्यावरही नाही. होस्टेलचे सगळे नळ सोडून पाहिले. गादी उचलून खालून चाचपली. शेवटी स्वयंपाकघरात शिरला, बाही वर केली आणि कणकेच्या कोठीत कोपरापर्यंत हात खुपसला.

"अहो, हे काय करता?" होस्टेलच्या मॅडम धावत आल्या.

"वरून सगळंच चांगलं दिसते, मॅडम. खालचं पाह्यलं पायजे."

मॅडम भल्या बाई होत्या. त्यांनी त्याला एका पलंगाशी नेलं. पलंगाला चिठ्ठी डकवलेली होती, तिच्यावर पायलचं नाव. भीमराजनं ती चिठ्ठी नखानं खरवडून पाहिली. मग सही केली आणि एकटाच परतला.

शुक्रवारी वीज गेल्यावर तो दुकानात आला. खेमसिंग आणि विमलताई आधीच येऊन बसले होते.

"खरं हाय," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "पलंग हाय, पाणी हाय, कणीक तळापर्यंत कोरडी हाय. सगळं खरं हाय, निजाम."

ताईंनी टाळी वाजवली. निजामुद्दीनच्या छातीवरचा दोन वर्षांचा धोंडा उतरला. डोळे पुसून तो पिशवी काढायला उठला. "ये मंग, बस. तुया गडी अजून आगीच्या अलीकडंच उभा हाय."

भीमराज बसला. वायसर काढायला त्यानं हात पुढं केला नाही.

"काल पायलच्या मायनं तीन भाकरी जास्तीच्या थापल्या," तो म्हणाला. "मी म्हनलं, कोणासाठी वं? तं रडाले लागली. मले वाटलं, ही नजरबंदीच हाय, पोरगी हाय घरातच. उठलो नं तिच्या बाजेवर गोधडीखाली हात घातला. पार कोपरापर्यंत."

निजामुद्दीननं पिशवीची सुटलेली गाठ परत बांधली.

"नाही रे घरी," भीमराज म्हणाला. "खरंच नाही."

निजामुद्दीननं पिशवी परत खुंटीला अडकवली. त्या दुपारी खेळ झाला नाही. विमलताईंनी चहा मांडला.