तीन शर्ट

नवीन पनवेलला आमच्या इमारतीखाली इस्त्रीची हातगाडी लावणारा तो माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नसे. गाठोडं सोडून कपडे चाळायचा आणि त्यावरून घर ओळखायचा.

आमचे बाबा शाळामास्तर. त्यांचे शर्ट तीनच होते. दोन इस्त्रीला जात, एक अंगावर असे. मी गाठोडं दिलं की तो खालमानेनं पाणी शिंपडत म्हणायचा, "आज मास्तर पट्ट्यांच्या शर्टात हायत." कधी चुकायचा नाही. चारचौघांत आमची ऐपत अशी बोलून दाखवतो, याचा मला राग यायचा.

बाबा मुंबईच्या इस्पितळात गेले ते परत आलेच नाहीत. तेराव्यानंतर त्यांचे कपडे सुकापूरच्या बांधकामावरच्या मजुरांना द्यायचं ठरलं. चुरगळलेले कसे द्यायचे, म्हणून मी गाठोडं खाली नेलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्यानं पांढरा काढला, राखाडी काढला. खाली पट्ट्यांचा होता. हातातली तापलेली इस्त्री त्यानं विटेवर टेकवली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ताई, तिन्ही हितंच हायत," तो म्हणाला. "मंग मास्तरांच्या अंगावर काय हाय?"