झाकणावरच्या तीन रेघा

बुधाजी नगरपंचायतीत गटारांचा मुकादम. मूळचा शेणवे गावचा. तरुणपणी रोजंदारीवर तालुक्याला आला आणि गटारातच कायम झाला, असं तो स्वतःच हसत सांगे. गावाखालून जाणारी सांडपाण्याची लाइन कुठे धड आहे, कुठे गाळाने भरली आहे आणि कुठे फुटली आहे, हे त्याला विचारल्याशिवाय कुणी कुदळ मारत नसे.

माणूस आत उतरवायचा नाही, हा त्याचा नियम. एकदा तो स्वतः उतरून बेशुद्ध पडला होता, तेव्हापासून आरसा आला. मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला ऊन सरळ डोक्यावर येतं. एका चेंबरचं झाकण उघडून त्याच्या हाताखालच्या दामूने बांबूला तिरका बांधलेला आरसा खाली सोडायचा आणि ऊन पाइपात वळवायचं. पुढच्या चेंबरवर बुधाजीने तसाच दुसरा आरसा सोडून बघायचं. उजेडाचा पुरता गोल दिसला तर लाइन साफ, अर्धा दिसला तर गाळ. काहीच दिसलं नाही तर पाइप खचलाय. मग झाकणावर गेरूच्या रेघा. एक रेघ म्हणजे थांबता येईल, दोन म्हणजे गाळ काढा, तीन म्हणजे आधी इथे खणा.

गावाला ही खूण कळायला वेळ लागला नाही. काहींनी आपल्या दारची एखादी रेघ हळूच वाढवूनही बघितली. पण बुधाजी डावखुरा. त्याच्या रेघा डावीकडे झुकत, दुसऱ्याची रेघ लगेच ओळखू येई. तो ओल्या फडक्याने ती पुसून टाकी.

एका झाकणाखाली मात्र त्याने कधी आरसा सोडला नव्हता. ते त्याच्याच गल्लीतलं, बोरिंगजवळचं. तिथे दरवर्षी न बघताच एक रेघ. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. मुकादमाने आपलं दार आधी करून घेतलं, हे वाक्य उभ्या नोकरीत कानावर येऊ नये म्हणून ही सगळी खबरदारी. त्याला यात स्वतःचा मोठेपणा वाटे. खरं विचाराल तर त्यात निम्मी भीतीच होती.

"अवो, बोरिंगच्या पाण्याला वास येतोय," त्याची बायको शालन म्हणे. "तांदूळ धुताना कळतो."

"उन्हाळ्यात पाणी खाली जातं गो. म्हणून येतो."

आधीच्या दोन उन्हाळ्यांतही त्याने हेच सांगितलं होतं. घरच्या नळाला एक दिवसाआड पाणी, बाकी सगळी भिस्त बोरिंगवर. यंदा त्यांची लेक मेघा बाळंतपणाला माहेरी यायची होती. त्या पाण्याने तान्ह्या लेकराला आंघोळ घालायची, याचा शालनने धसकाच घेतला होता.

बुधाजीच्या नोकरीचा हा शेवटचा महिना. पाइप आले होते ते जेमतेम एका गल्लीपुरते. नव्या इंजिनिअर अपेक्षा मॅडम उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतल्या नव्हत्या. तीन रेघांचं प्रत्येक झाकण मी स्वतः बघणार, म्हणाल्या. बाजारामागचं एक झाकण बघून झालं. तिथे आरशात गोलाची चिंचोळी कड तरी दिसत होती. परतताना त्या बुधाजीच्या गल्लीतून निघाल्या आणि बोरिंगजवळ थांबल्या. झाकणावर तीन रेघा होत्या. एक डावीकडे झुकलेली, दोन सरळ.

बुधाजीचे कान तापले. दारात शालन उभी होती आणि तिच्या बोटांना गेरू होता. सगळी गल्ली बघत होती. त्याने खाली बसून फडक्याने दोन्ही सरळ रेघा पुसल्या.

"मॅडम, ह्या खोट्या हायेत. हितं एकच."

"इथे शेवटचं कधी बघितलं होतं, मुकादम?"

दामूने भोळेपणाने सांगून टाकलं, "हितं आमी कधी बघितलंच नाय, मॅडम."

"मग आता बघू."

दामू वरच्या चेंबरवर गेला. बुधाजीने बांबू खाली सोडला.

"धरलास काय रे?"

"धरलाय!"

आरशात काळोख होता. त्याने बांबू फिरवला, पुन्हा हाक मारली, पुन्हा बघितलं. उजेडाचा ठिपकासुद्धा नव्हता. मान वर केली तर बोरिंगचा दांडा त्याच्यापासून दोन हातांवर होता.

"पाइप खचलाय," तो म्हणाला.

त्याला लाज वाटली. गावाची सगळी गटारं पालथी घातली आणि आपली बायको सांगते ते ऐकलं नाही, याची.

शालन पुढे आली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दोन पावसाळे सांगतेय. माज्याकडं आरसा नाय, पन नाक हाय."

बुधाजीने पिशवीतून गेरूचा खडा काढला आणि पुसलेल्या जागी दोन रेघा ओढल्या, डावीकडे झुकलेल्या. मॅडमनी तिथल्या तिथे ठरवलं, पाइप या गल्लीला, बाजारामागे फक्त गाळ काढायचा. दामूने बोरिंगच्या दांड्याला साखळी बांधली.

खोदकामाच्या दिवशी बाजारातला दुकानदार जगन मुद्दाम बघायला आला. त्याच्या दुकानामागची लाइन यंदाही राहिली होती.

"जाता जाता आपलंच दार पयलं धरलंस ना, बुधाजी?"

जमलेली माणसं हसली. उभ्या नोकरीत टाळलेलं वाक्य शेवटी आलंच होतं. शालनने बुधाजीकडे बघितलं. तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. खाली पाइपाचे काळे तुकडे दिसत होते आणि त्यांच्यातून झिरपलेली ओल थेट बोरिंगच्या बाजूला गेली होती.

"धरलं रे जगन," तो म्हणाला. "पन दोन पावसाळे उशिरा."