निगेटिव्ह आत असणारच

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. पण परवा भोरच्या एसटी स्टँडवर माझ्या फोटोग्राफर मित्राचा विषय निघाला आणि कुणीतरी पुन्हा म्हणालं, "तो व्हय? लग्नाचं फोटू बुडवनारा?" आणि माझं डोकं फिरलं. अख्ख्या भोर-वेल्ह्यात त्याच्याइतका काटेकोर फोटोवाला झाला नाही, आणि त्याच्याइतका वैताग आणणाराही. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी मास्तर झालो, त्यानं बापाचा स्टुडिओ चालवला आणि रीळ सोडून डिजिटल कॅमेरा घेतला.

नवरीचा फोटो काढण्याआधी तो तिच्या तोंडासमोर पांढरा रुमाल धरून रुमालाचाच फोटो काढी. मांडव लाल, बल्ब पिवळे. तेव्हा पांढरं म्हणजे काय, ते कॅमेऱ्याला आधी शिकवावं लागतं, असं त्याचं म्हणणं. आंबवड्याला नवरीच्या आईला वाटलं, हा दृष्ट काढतोय. तिनं मीठमोहऱ्या आणून त्याच्या हातावर ठेवल्या. हिर्डोशीच्या थंडीत तो बॅटऱ्या काखेत धरून बसे. "गारठली की मरती बिचारी." कॉम्प्युटरवर चेहरा उजळून मागणाऱ्याला तर तो सरळ दुकानाची पायरी दाखवी. "रंग आईनं दिलाय. म्या कोन बदलनार?"

अशा माणसाला गावानं लबाड ठरवलं! दुसऱ्या एका फोटोवाल्याचे अर्धे फोटो काळे यायचे, त्याच्याविरुद्ध कुणी ब्र काढला नाही. उत्रोलीला माझ्या पुतणीचं लग्न होतं. सप्तपदी झाली, हा पंगतीला बसला आणि कॅमेरा माझ्याकडे देत म्हणाला, "मास्तर, नुसता धर. बटनं चिवडू नको." तेवढ्यात पाहुणे फोटोसाठी ओळीनं उभे राहिले, आणि पडद्यावर आलं की कार्ड भरलंय. चारचौघांत मास्तर म्हणवणाऱ्याला 'मला येत नाही' म्हणायची लाज! पडद्यावर दिसतात त्या नुसत्या प्रती, खरी निगेटिव्ह आत कुठेतरी असणारच, असं समजून मी सगळं पुसलं आणि पाहुण्यांचे चार फोटो काढले.

दोन दिवसांनी माझ्या भावानं त्याला भर चौकात धरलं. "हार घालतानाचा फोटू कुठंय? सप्तपदी कुठंय? नुसतं जेवाय आलतास व्हय रं?" मी शेजारीच उभा. कार्डात माझे ते चारच फोटो होते. त्याला कळलं नसेल असं नाही. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. "चूक माझीच हाय," तो म्हणाला. "कॅमेरा हातातनं सोडाय नको व्हता." लग्नाची कामं त्याच वर्षी तुटली. पोरांना आयुष्यभर खरं बोलायला शिकवणारा मी मात्र गप्प!

पुढे तो पासपोर्ट फोटोच काढत राहिला. एकदा पेन्शनच्या कागदासाठी मी गेलो, मनाशी वाक्य घोकूनच. त्यानं माझी हनुवटी धरून मान सरळ केली. मी म्हणालो, "अरे, त्या लग्नाचं..."

"तोंड मीट, मास्तर. फोटू हलतो."

मी मिटलं. फोटो छान आला. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. त्याच्या बायकोला, भाभींना भेटायला गेलो, तेव्हाही नुसता चहा पिऊन परतलो. म्हणायचं एवढंच होतं: ते फोटो मी पुसले रे. मला माफ कर.