तेल्हाऱ्याच्या पाटलांचे नऊ दिवस

तमाम वऱ्हाडवासीयांनी हातातले काम ठेवून ऐकावे, इतकी गंभीर ही वार्ता आहे: तेल्हाऱ्याच्या सखाराम पाटलांना नऊ दिवस परसाकडे झाले नव्हते.

मी तेव्हा अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. गाडीखाली सापडून पाटलांची मांडी मोडली होती. हाड मीच बसवले, फळ्या बांधल्या, दुखू नये म्हणून रोज घ्यायला अफूच्या गोळ्या देऊन घरी पाठवले. दहाव्या दिवशी निरोप आला, पाटील जातात. मी दमणीला बैल जुंपून निघालो.

पोट नगाऱ्यासारखे तट्ट. माणूस ओसरीवर बाजेवर पडलेला, कारण घरातल्या सगळ्या खोल्यांत छतापर्यंत कापूस. त्या वर्षी भाव रोज चढत होता. समोर अंगणात मुंबईचे दलाल ठाण मांडून बसलेले.

मी घरच्यांना दूर केले आणि हळूच विचारले, "पाटील, परसाकडे कधी झालं होतं?"

पाटील आढ्याकडे पाहू लागले. "पाय मोडला त्या दिवशी सकाळी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी पायाचे डाक्टर. पोटाचं तुमाले कसं सांगू?"

"आणि जेवण?"

"चार दिवस झाले, बंद केलं. ह्या मुंबईवाल्यांच्या तोंडासमोर बसू का मी? आजपासून तुमची अफूबी बंद. मेलो तरी चालंल."

अफू एकदम सोडली तर कळांनी माणूस तडफडणार, हाड सरकणार, जन्माचा लंगडा होणार. न सोडावी तर पोट हे असे. मी त्यांना साध्या शब्दांत सांगितले, "अफू दुखणं झोपवते, पण सोबत आतडीही झोपवते. गोळी घ्यायची, पण तिच्याबरोबर आतड्यांना जागं करायचं औषधही घ्यायचं. ते द्यायला मी विसरलो."

पोट तपासले, वारा सरत होता, म्हणजे आतडे अडकलेले नव्हते, म्हणून धीर करून कोमट दुधातून एरंडेल पाजले. बाजेची मधली दोरी सैल केली, खाली मातीचे घमेले ठेवले. राहिला आडोसा. तो पाटलांच्या आईने केला. अंगणात दलालांच्या गाड्यांवर चढवायला ठेवलेले कापसाचे गठ्ठे तिने गड्यांकडून उचलवले आणि बाजेभोवती पुरुषभर उंच रचले.

"माय, आज माल निघायचा आहे," एक दलाल म्हणाला.

"पयले माहा पोरगा निघू दे यातून," म्हातारी म्हणाली.

विलायतेच्या गिरण्या ज्या कापसाची वाट पाहत होत्या, तो तेल्हाऱ्यात भिंत होऊन उभा होता. त्या शुभ्र भिंतीपुढे आम्ही सगळे देवळात बसावे तसे गप्प बसलो. दलालांच्या चिलमी विझल्या. दुपार कलली. मी आयुष्यात पुष्कळ शस्त्रक्रिया पाहिल्या, पण इतक्या श्रद्धेने कशाचीही वाट पाहिलेली नाही.

अखेर भिंतीआडून जे ऐकू आले, त्याने दलालांनीसुद्धा हात जोडले. मागोमाग पाटलांनी भाकरी मागितली.

पुढे मांडी सरळ जुळली, अफूही हळूहळू सुटली. तेव्हापासून अफू लिहिली की त्याच कागदावर मी एरंडेल लिहितो, आणि तो प्रश्न स्वतः विचारतो. ही अक्कल माझी नव्हे. त्या दुपारी सगळे माझे कौतुक करत असताना म्हातारी सर्वांदेखत म्हणाली होती, "डाक्टर, पयल्याच दिवशी इचारलं असतं, त तुमचं काय गेलं असतं?"