बराबर शिवणारी खाला

खालाच्या गळ्यात टेप कायम लटकलेला असायचा, पण तो कुठल्या बाईच्या अंगाला लागलेला मी कधी पाहिला नाही. आमच्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना जुना ब्लाउज मापाला देतात. अंगाचं माप कोणी देत नाही आणि कोणी घेतही नाही. खाला तो जुना ब्लाउजसुद्धा नुसता बाजूला टाकायची. दारातून आत येणाऱ्या बाईकडे चष्म्यावरून एकदा बघायची आणि म्हणायची, "वाळून गेलीस की गं! खांद्यात अर्धा इंच कमी करती." मग तो ब्लाउज असा बसायचा की बाई आठ दिवस आरशासमोरून हलायची नाही.

वडीगोद्रीला, रस्त्याच्या कडेला तिची एकच खोली होती. पुढे मशीन, मागे चूल. नवरा तरुणपणीच गेला, एकुलती लेक जालन्याला दिलेली. मराठ्यांच्या बायका, आमच्या बौद्धवाड्यातल्या, तिच्या मोहल्ल्यातल्या, सगळ्या तिच्याकडेच यायच्या आणि सगळ्या तिला खाला, म्हणजे मावशीच, म्हणायच्या. तोंडात चार टाचण्या धरून ती अख्ख्या गावाची खबर सांगायची. "आधी त्या टाचण्या काढ, एखादी गिळशील," मी ओरडायचे. ती म्हणायची, "गिळली तर गिळली. आतून शिवून काढंल मला." असली बाई!

तिचा खरा हात होता तो झाकण्यात. एक खांदा उतरलेली पोरगी असो, की पाठीवर भाजल्याचा डाग असलेली नवरी असो, खाला असा काही कापड बेतायची की बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. "कपडा कशासाठी असतो? ऐब झाकायला," ती म्हणायची. "न्हाई तर गोणपाट काय वाईट?" त्या पोरी तिचे हात धरून रडायच्या. तिलाही त्याचा फार अभिमान होता, आणि का नसावा?

मी गावची आशाताई. गरोदर बाया, लसी, गोळ्या हे माझं काम. पुढे त्यात छातीच्या कॅन्सरची माहिती द्यायचंही आलं. प्रशिक्षणात डॉक्टरीणबाईंनी 'स्तन' असा शब्द सरळ उच्चारला, तेव्हा आम्ही सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसलो होतो. लाज वाटते आता सांगायला. गावात आल्यावर मी 'छातीची गाठ' म्हणायचे, तेही अर्ध्या आवाजात, आणि तक्ता न्यायचा तर चित्र आतल्या बाजूला गुंडाळून. खाला मला चिडवायची, "तुझं तुलाच ऐकू येत न्हाई मंगल, मंग बायांना काय कळंल?"

आणि पहिली गाठ शोधली ती खालानंच. दिवाळीच्या आधी सुनीता तिच्याकडे आली. चांगल्या घरची सून, नवरा अंकुशनगरच्या कारखान्यात. ब्लाउज डाव्या बाजूनं उसवून सैल करून हवा होता, फक्त डाव्या. पंधरा दिवसांनी दुसरा घेऊन आली. तिसरा आणला तेव्हा खालानं तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि विचारलं, "दुखतं का?" सुनीता म्हणाली, "न्हाई ना. दुखत न्हाई, म्हंजी काही न्हाई." खाला मशीन तशीच टाकून माझ्याकडे आली. "जल्दी जा," म्हणाली. "पोरीचं काहीतरी बराबर न्हाई."

मी गेले. पण कशी गेले, ते सांगायला हवं. सुनेशी बोलायचं तर आधी सासूला विचारायचं, ही आमची रीत. त्या घरानं मला दारात उभं केलं नाही, तर अख्खी गल्ली उभं करत नाही. म्हणून मी सुनीताकडे न जाता तिच्या सासूकडे जाऊन बसले. सासू वाईट बाई नव्हती. तिनं चहा ठेवला. म्हणाली, "ताई, माझ्या लेकीचं जमून राह्यलंय. घनसावंगीकडचं घर आहे. ह्या घरात असलं दुखणं आहे असं कळलं, तर पोरीला कोण करून घेईल? वैशाखात लग्न उरकू द्या. मंग मी सोता दवाखान्यात नेते." सून काही लेकीच्या रक्ताची नव्हती, तिच्या दुखण्याचा लेकीशी काय संबंध? हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते चहाबरोबर गिळलं. सुनीता चुलीपाशी खाली मान घालून बसली होती. तिलाही नणंदेचं लग्न मोडायला नको होतं. मी म्हणाले, "बरं, पण लगेच न्या हं मग." आणि उठले.

लग्नाच्या आधी सासू खालाकडे गेली. सुनेचा लग्नातला ब्लाउज असा शिवायचा की दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत, बायकांना काही कळता कामा नये. खालानं शिवला. उजव्या बाजूला कापसाचा पातळ थर दिला, अस्तर दुहेरी लावलं, तीनदा उसवून पुन्हा शिवला. तिच्या हातून इतकं देखणं काम कधी झालं नव्हतं. सुनीतानं तो तिथंच घालून पाहिला, आरशात इकडून तिकडून वळली आणि लहान पोरीसारखी खूश होऊन म्हणाली, "खाला, काहीच कळत न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई," खाला म्हणाली.

लग्नात बायकांनी सुनीताला थांबवून थांबवून विचारलं, शिवलाय कुणाकडं म्हणून. मी तिथंच पंगतीत वाढत होते. सुनीताच्या तोंडावरचा आनंद मी पाहिला, आणि मलाही बरं वाटलं. माणसानं किती मूर्ख असावं!

वैशाख गेला. लेकीचं पहिलं मूळ, मग पेरणी, मग पोळा. मी दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा सासूनं तोंड फिरवलं. शेवटी गाठ फुटून वास यायला लागला, तेव्हा सुनीताला संभाजीनगरला नेलं. डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "इतके दिवस काय करत होता?" तोवर ते हाडापर्यंत गेलं होतं. संक्रांतीच्या आधी ती गेली. दोन लेकरं मागे.

त्या दिवशी खाला आणि मी त्यांच्या अंगणात उभ्या होतो. सासू ऊर बडवून रडत होती, "कोणाला ठाऊक होतं गं माय, कोणाला ठाऊक होतं!" खोटं रडत नव्हती ती. खालानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती निघून गेली.

त्यानंतर खाला बदलली. माझा तक्ता तिनं मागून घेतला आणि चित्र बाहेर करून मशीनच्या मागे भिंतीवर ठोकला. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती खणखणीत आवाजात विचारायची, "अंघोळीला बसतीस, तवा हात लावून बघती का न्हाई? गाठ लागली तर मला सांग. मी शिवणार न्हाई, आधी दवाखाना." बाया लाजल्या, मग चिडल्या. खाला नको तिथं बघते, कुठल्याही घराला बट्टा लावील, असं गावात झालं. ज्यांची अंगं तिनं वीस-वीस वर्षं झाकली, त्याच म्हणायला लागल्या की पोरींना तिच्याकडे पाठवू नका. रस्त्यावर तयार ब्लाउजचं दुकान निघालं होतंच. वर्षभरात मशीनवर धूळ बसली.

खालाची लेक तिला जालन्याला न्यायला आली, त्या सकाळी मी गेले. ट्रंक बांधलेली होती. मी म्हणाले, "खाला, तू तरी प्रयत्न केलास." मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

ती भडकली. "काय केलं गं मी? सासूनं सांगितलं, थांबा. तू चहा पिऊन आलीस. मी कापूस भरला. तिला कोणी म्हणलं का, चल ऊठ, आत्ता चल? आपल्या दोघींना कळत होतं, बेटा. बाकी कोणाला न्हाई, आपल्याला कळत होतं." मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि गाडीत बसली. जालन्याला गेल्यावर तिनं सुई हातात धरली नाही, असं लेक सांगते. मी भेटायला गेले नाही. हिंमत होत नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरच्या एका सुनेनं मीटिंग संपल्यावर हळूच माझा हात धरून काखेपाशी नेला. खड्यासारखी गाठ होती. मी तशीच तिच्या घरी गेले. सासू म्हणाली, "दिवाळी होऊ द्या ताई. पोराची नवी नोकरी आहे." चहा आला. मी कपाला हात लावला नाही. म्हणाले, "दिवाळी न्हाई, उद्या. सकाळच्या गाडीनं. मी घेऊन जाते." आवाज चढला माझा, शेजारपाजारचे बाहेर आले. सासूनं मला चालतं व्हायला सांगितलं. अंगणात येऊन मी सुनेला हाक मारली, "तू बोल गं. तू चल माझ्याबरोबर."

ती उंबऱ्यापर्यंत आली, माझ्याकडे बघितलं, आणि तिनंच आतून दार लावून घेतलं.